रेंज पुरे, आता युनिट सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

टीव्हीवरच्या गॅजेट कार्यक्रमांत मोबाइल आणि इअरफोनच्या जोडीला आता इलेक्ट्रिक स्कूटरचीही तुलना होऊ लागली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातले बरेच गिऱ्हाईक हे कार्यक्रम पाहूनच शोरूममध्ये येते आणि "टीव्हीवर हिचीच रेंज जास्त दाखवली" एवढ्यावर गाडी ठरवते. रेंज म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किलोमीटर जाते तो आकडा. लाख-सव्वा लाखाचा व्यवहार ज्या आकड्यावर होतो, तो आकडा काढण्याची पद्धत मात्र सदोष आहे. तिच्यामुळे गिऱ्हाईकाचे नुकसान होते आणि प्रामाणिकपणे आकडे सांगणाऱ्या कंपनीचेही.

पहिली गल्लत प्रमाणित रेंजची. कंपन्या सांगतात ती रेंज 'भारतीय ड्रायव्हिंग सायकल' या ठरलेल्या चाचणीवर मोजलेली असते. ही चाचणी रोलरवर होते. तिच्यात वेग ताशी ४२ किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी वेग २२च्या आसपास राहतो. वारा नाही, खड्डे नाहीत, चढ नाही, मागे माणूस नाही. नियमाप्रमाणे आकडा बरोबर असतो, पण तो महामार्गावरचा नव्हे. वेग ४० वरून ६० वर गेला की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. काकतीपासून संकेश्वरपर्यंत हायवेने साठच्या वेगाने जाणाऱ्याला तो आकडा कसा मिळणार? तरीही पुष्कळ कार्यक्रमांत एका गाडीची प्रमाणित रेंज आणि दुसरीची रस्त्यावर मिळालेली रेंज एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी दिसते. ही तुलना तिथेच बाद व्हायला हवी.

रस्त्यावर घेतलेली चाचणी तरी सरळ असते का? एक गाडी 'इको'वर आणि दुसरी 'राइड'वर चालवली जाते. मोडची नावे कंपनीगणिक वेगळी, त्यामुळे 'दोन्ही नॉर्मल मोडवर' या म्हणण्याला अर्थ राहत नाही. एक निवेदक साठ किलोचा, दुसरा नव्वदचा. एका गाडीच्या टायरमध्ये कंपनीच्या पाटीप्रमाणे हवा, दुसरी डेमोची, महिनाभर हवा न तपासलेली. एक गाडी कंपनीने खास पाठवलेली, ताज्या सॉफ्टवेअरची. दुसरी शोरूमच्या दारातून उचललेली. शिवाय डिस्प्लेवरची टक्केवारी सरळ रेषेत उतरत नाही. काही कंपन्या शून्याखाली थोडी बॅटरी राखून ठेवतात, काही ठेवत नाहीत. काही गाड्यांचा वेग शेवटच्या १०-१५ टक्क्यांत मुद्दाम कमी केलेला असतो. म्हणून 'शंभरपासून शून्यापर्यंत' चालवून केलेली तुलना दिसायला चोख असली तरी आतून कच्ची असते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो कोणत्याही वाहिनीला परवडेल. दोन्ही गाड्या पूर्ण चार्ज कराव्यात. टायर थंड असताना पाटीप्रमाणे हवा भरावी. हलक्या निवेदकाच्या गाडीवर वाळूची पिशवी ठेवून वजन सारखे करावे. मोडच्या नावाकडे न पाहता वेग ठरवावा, समजा ४५, आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी, एकाच रस्त्याने नेऊन त्याच रस्त्याने परत आणाव्यात, म्हणजे वारा आणि चढ-उतार दोघांना सारखे पडतील. अर्ध्यावर निवेदकांनी गाड्या बदलाव्यात. ३०-४० किलोमीटर झाले की थांबावे, बॅटरी रिकामी करण्याची गरज नाही. मग प्लग आणि चार्जर यांच्यामध्ये युनिट मोजणारा छोटा मीटर लावून गाडी पुन्हा पूर्ण भरावी. मीटरवरचे युनिट भागिले किलोमीटर, एवढाच आकडा पडद्यावर दाखवावा.

किलोमीटरला किती युनिट, या आकड्यात लपवाछपवीला जागा उरत नाही. त्यात चार्जरमध्ये वाया गेलेली वीजही धरली जाते. साधारण ३ युनिटची बॅटरी भरायला भिंतीतून साडेतीनच्या आसपास युनिट जातात, ही गोष्ट कोणत्याही कार्यक्रमात सांगितली जात नाही. बॅटरी मोठी असली की रेंज वाढणारच, त्यात कौतुक कसले? गाडी चांगली की वाईट हे ती युनिट कशी खर्च करते त्यावरून कळते.

आता आपल्या भागाचे बोलू. या चाचण्या बहुतेक सपाट शहरी रस्त्यांवर, एकट्या माणसाने केलेल्या असतात. आपल्याकडे गाडी डबलसीट चालते आणि घाट टळत नाही. हिशेब मांडून पाहावा. गाडी ११५ किलो, दोन माणसे १४० किलो, एकूण २५५. एवढे वजन १०० मीटर उंच चढवायला ०.०७ युनिट लागते, मोटर आणि कंट्रोलरमधली (मोटरला जाणारी वीज सांभाळणाऱ्या भागातली) घट धरली तर ०.०८ ते ०.०९. सपाट रस्त्यावर किलोमीटरला ०.०३ युनिट धरले, तर १०० मीटरचा चढ सपाटीवरचे जवळपास तीन किलोमीटर खातो. गोव्याच्या बाजूने चोर्ला घाट चढताना सुमारे ७०० मीटर उंची गाठावी लागते. नुसत्या उंचीलाच ०.६ युनिट, म्हणजे ३ युनिटच्या बॅटरीचा पाचवा हिस्सा. अंतराचा खर्च वेगळाच.

घाटात आणखी एक फरक उघडा पडतो. टीव्हीवर ० ते ४० चा पिकअप सेकंदांत मोजतात आणि मोटरची कमाल शक्ती सांगतात. ती शक्ती काही सेकंदांपुरती असते. सलग चढावर उपयोगी पडते ती सातत्याने मिळणारी शक्ती, आणि ती सांगितली जात नाही. चाकातच बसवलेल्या हब मोटरला गिअरची मदत नसते, त्यामुळे चढावर ती जास्त करंट ओढते आणि तिची उष्णता सहज बाहेर पडत नाही. तापमान वाढले की कंट्रोलर शक्ती कमी करतो आणि डबलसीट गाडी पंचवीस-तीसवर येते. मध्ये बसवलेल्या, बेल्ट किंवा चेनने चाक फिरवणाऱ्या मोटरला इथे फायदा असतो, पण मग बेल्टचा ताण आणि चेनचे तेल सांभाळावे लागते. दोन्हींचे गुणदोष कळायचे असतील तर चाचणी वंटमुरी किंवा तवंदीसारख्या चढावर, डबलसीट घ्यावी.

उतरताना ब्रेकिंगमधून बॅटरी भरते, असे कौतुकाने सांगतात. पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ती आणखी वीज घेऊच शकत नाही, आणि बहुतेक गाड्यांत मोटरकडून गाडीला होणारा रोध बंद होतो किंवा फार कमी होतो. घाटमाथ्याजवळ गाडी पूर्ण भरून कोणी गोव्याकडे उतरू लागला, तर सगळा भार साध्या ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात. अशा वेळी ८०-८५ टक्क्यांवर चार्जिंग थांबवणे शहाणपणाचे. ही माहिती एका वाक्यात देता येते आणि तिने अपघात टळू शकतो.

खर्चाची तुलना तर आपल्यासाठी पार चुकीची ठरते. 'किलोमीटरला २५ पैसे' हे वाक्य सगळीकडे ऐकू येते. भिंतीतून किलोमीटरला ०.०४ युनिट आणि युनिटला ६ रुपये धरले तर २४ पैसे येतात, इथपर्यंत ठीक. पण कर्नाटकात गृहज्योती योजना आहे. २०२२-२३ मधल्या घरच्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून तेवढी वीज मोफत मिळते आणि महिन्याला २०० युनिटची मर्यादा ओलांडली की पूर्ण बिल भरावे लागते. ज्या घराची सरासरी १७० युनिट आहे, त्याला १८७ युनिट मोफत. त्या घरात गाडी आली आणि महिन्याला हजार किलोमीटर फिरली, की ४० युनिट वाढून वापर २१० होतो. मग त्या सगळ्या २१० युनिटचे बिल येते. ६ रुपयांनी १,२६० रुपये आणि वर स्थिर आकार. हजार किलोमीटरला १,२६० म्हणजे किलोमीटरला सव्वा रुपया! उलट ७० युनिट सरासरीच्या घराला ७७ मोफत, गाडीसकट वापर ११०, तेव्हा फक्त ३३ युनिटचे पैसे. पलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या माणसाला हा प्रश्नच नाही. हे सगळे राष्ट्रीय वाहिनीने सांगावे अशी अपेक्षा नाही. त्यांनी युनिटचा आकडा द्यावा, हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलावर आम्ही आमचा हिशेब करून घेऊ.

त्याच तक्त्यात बॅटरीची झीजही यायला हवी. बदली बॅटरी ५० हजारांची आणि ती ५० हजार किलोमीटर चालली असे धरले, तर किलोमीटरला आणखी एक रुपया. पेट्रोल गाडीचे ऑइल, क्लच, बेल्टही तिच्या बाजूला मांडावेत. वॉरंटी किती वर्षांची एवढेच सांगून भागत नाही. बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी ती बदलून देते, हे विचारावे.

चार्जिंगच्या वेळेतही सरमिसळ असते. एकीचे जलद चार्जरवर ८० टक्के आणि दुसरीचे घरच्या चार्जरवर १०० टक्के, अशी जोडी लावतात. चार्जिंगचा शेवटचा टप्पा बॅटरीतले सेल समतोल करण्यात जातो आणि मुळातच हळू असतो. घरच्या पॉइंटबद्दल तर कोणी बोलतच नाही. ७५० वॉटचा चार्जर २३० व्होल्टवर सव्वातीन अ‍ॅम्पियर ओढतो, गावात व्होल्टेज १८० वर आले की चारच्या वर. ढिल्या ५ अ‍ॅम्पियरच्या पॉइंटवर आणि बारीक एक्स्टेन्शनवर हे चार-पाच तास चालले की प्लग वितळतो. १६ अ‍ॅम्पियरचा पॉइंट, अडीच चौरस मिलिमीटरची वायर आणि खरे अर्थिंग लागते. धूळ-पाण्यापासून बचावाचा 'आयपी ६७' हा शिक्का बहुधा बॅटरीचा असतो, सगळ्या गाडीचा नव्हे. जांबोटी-कणकुंबीच्या पावसात आधी गंजतात ते कनेक्टर आणि चार्जिंग पोर्ट.

ताशी २५ किलोमीटर आणि २५० वॉटच्या आतल्या, नोंदणी-लायसन्स न लागणाऱ्या गाड्या मोठ्या स्कूटरच्या तक्त्यात घालू नयेत. आणि अशी गाडी वेगमर्यादेचे 'लॉक काढून' चाळीसने पळवून दाखवणे तर अजिबात नको. लॉक काढल्यावर ती नोंदणी लागणारे वाहन ठरते आणि अपघात झाल्यास विम्याचा आधार राहत नाही.

किमतीही तारखेशिवाय दाखवू नयेत. केंद्राचे अनुदान जून २०२३ मध्ये बॅटरीच्या दर किलोवॉट-तासाला (म्हणजे युनिटला) १५,००० वरून १०,००० झाले आणि एप्रिल २०२४ मध्ये ५,००० वर आले. जुना भाग पुन्हा दाखवला की त्यातल्या किमती खोट्या ठरतात. चार्जर, अ‍ॅपचे पॅकेज आणि विमा धरून ऑन-रोड किंमत द्यावी आणि ती कोणत्या शहरातली हेही लिहावे.

गाडी कोणी दिली, प्रवासाचा खर्च कोणी केला, कार्यक्रमाच्या मधल्या जाहिराती त्याच कंपनीच्या आहेत का, हे सुरुवातीलाच पडद्यावर यावे. जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसली पाहिजे, असे केबल टीव्हीचे १९९४ चे नियम सांगतात. शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला संबंध उघड करावा, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. आपल्या दैनिकाच्या वाहन पुरवणीतही अशा तुलना येतात. तिथे युनिट प्रति किलोमीटर, स्वारांचे एकूण वजन, वेग, रस्ता आणि चाचणीची तारीख हे पाच रकाने पुढच्या अंकापासून सुरू करावेत, ही विनंती.

आपले,
दुचाकी दुरुस्तीच्या व्यवसायातील काही वाचक,
उद्यमबाग, बेळगाव