पाणी धुराला शुद्ध करीत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याने चार मित्रांच्या साहाय्याने घरीच एक अवाढव्य हुक्का तयार केला. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत अनेक वर्षे शिल्पनिदेशक होतो, त्यामुळे त्याची जोडणी हवाबंद झाली आहे का, हे पाहायला मुलांनी मलाच बोलावले. पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा जार, मधोमध उभी लोखंडी नळी, झाकणाच्या चार भोकांतून काढलेल्या चार रबरी नळ्या आणि वर चिलमीच्या जागी जुना तवा, अशी ती रचना होती. सांधे सफाईने भरलेले होते. मुलांच्या हातात कसब आहे, हे मी तेव्हाही म्हणालो.

चूक आकारात होती. हुक्क्याच्या उभ्या नळीचे टोक पाण्याखाली जितके सेंटिमीटर असते, तितक्या उंचीच्या पाण्याचा दाब ओढणाऱ्याला प्रत्येक दमाला मोडावा लागतो. म्हणूनच जुन्या कारागिरांनी नारळाच्या करवंटीची गुडगुडी केली काय किंवा बिदरी कामाचा, म्हणजे धातूवर चांदी जडवलेला, जमिनीवर ठेवायचा भारदस्त फरशी हुक्का केला काय, नळीचे टोक पाण्यात जेमतेमच बुडू दिले. या मुलांनी ते वीस सेंटिमीटर बुडवले होते आणि दम ओढताना त्यांचे गाल आत जात होते. शिवाय पाण्याच्या वर सुमारे दहा लिटरची पोकळी होती. एका दमात साधारण अर्धा लिटर हवा येते असे धरले, तरी ती पोकळी एकदा रिकामी व्हायला वीस दम लागतात; म्हणजे तोंडात येतो तो शिळा धूर. यावर मुलांनी काढलेला उपाय असा, की तव्यावर कोळसा वाढवायचा.

‘एवढ्या पाण्यातून आलेला धूर स्वच्छच असणार,’ असे ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. हा समज जुना आहे. अकबराच्या दरबारातील हकीम अबुल फतह गिलानी याने तंबाखूचा धूर निर्दोष व्हावा म्हणून तो पाण्यातून नेण्याची कल्पना काढली, असे परंपरेने सांगितले जाते. प्रत्यक्षात पाण्याने धूर मुख्यतः थंड होतो, आणि थंड धूर घशाला बोचत नसल्यामुळे माणूस तो अधिक खोलवर ओढतो. कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे पाणी एक लिटर असो वा दहा लिटर, तो जसाच्या तसा छातीत उतरतो आणि रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो.

मी हे सारे सांगून परतलो, पण हुक्का मोडून टाकायला लावला नाही, याची खंत मला आजही आहे. त्याच रात्री बाहेर पाऊस असल्याने खिडक्या लावून मुलांनी तो पेटवला. तासाभरात पुतण्याचे डोके ठणकू लागले, त्याला उलट्या झाल्या आणि जिना उतरताना त्याचे पाय लटपटले. मित्रांनी करोनाकाळातला ऑक्सिमीटर त्याच्या बोटाला लावला, त्यावर ९८ आकडा दिसला आणि सगळे निर्धास्त झाले. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू वाहणारे रक्त आणि या विषारी वायूने व्यापलेले रक्त यांतला फरक कळत नाही, हे डॉक्टरांनी पुढे समजावले. त्याच्या आईने हट्टाने दवाखान्यात नेले, रक्त तपासून प्राणवायू लावला गेला, म्हणून तो वाचला.

महाराष्ट्राने २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली, ते योग्यच झाले. मात्र घराच्या चार भिंतींत काय पेटते, ते पाहायला कोणी येत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवू नये, हे आपल्या घरांतून पूर्वापार सांगितले जाते. हुक्क्याचा निखारा म्हणजे तीच शेगडी, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही. हुक्क्याच्या कोळशाच्या प्रत्येक पाकिटावर ‘बंद खोलीत पेटवल्यास विषबाधा होते’ असा ठळक मराठी मजकूर आणि डोकेदुखी, उलटी ही लक्षणे छापण्याची सक्ती शासनाने करावी, आणि ऑक्सिमीटरचा आकडा अशा वेळी फसवा असतो ही माहिती आपल्या वृत्तपत्राच्या आरोग्य पुरवणीत सविस्तर यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली