सूचना : मागच्या अंगणातील शहाबादी फरशीला सीलर

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, फरशी बसवून सांधे भरून झाले आहेत. बादलीभर पाणी ओतून उतारही पाहिला, पाणी जाळीकडेच जाते. शनिवारी सकाळी सीलर (दगडात पाणी व डाग मुरू नयेत म्हणून लावायचा द्रव) लावणार. दगड आतून कोरडा हवा, ओल कोंडली की पांढरट डाग उमटतात. म्हणून बुधवारपासून तिथे गाडी धुणे, कुंड्यांना नळीने पाणी घालणे बंद. दुचाक्या रविवार संध्याकाळपर्यंत पुढच्या गेटजवळ लावाव्यात. चकचकीत सीलर हवा असे काहींचे म्हणणे होते. पण पावसाळ्यात त्यावरून पाय घसरतो, म्हणून दगडात मुरणाराच घेतला आहे.

कामवाल्या मावशींना आवर्जून सांगा, या फरशीवर अ‍ॅसिड अजिबात नको. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. अ‍ॅसिड पडताच फेस येतो आणि फरशी कायमची खरबरीत होते. पाऊस आल्यास काम पुढच्या शनिवारी.

– सचिव