खुबा बदलल्यावर, फिजिओथेरपीच्या ताईंना

ताई,

तुमच्याकडे रोज इतके पेशंट येतात, माझा चेहरा आठवेलच असं नाही. भंडारा जिल्ह्यातली, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची, वॉर्डातल्या म्हाताऱ्या आयांमध्ये एकटीच 31 वर्षांची अंगणवाडी सेविका म्हटलं, तर कदाचित आठवेन.

जांघेतलं दुखणं कंबरेचं समजून मी दीड वर्ष गोळ्या खाल्ल्या. एक्स-रे चांगला आला होता, म्हणून कोणी पुढे पाहिलंच नाही. एमआरआय झाला तेव्हा कळलं : कोयत्यासारख्या वाकड्या पेशींनी बारीक रक्तवाहिन्या बुजवल्या होत्या आणि रक्तावाचून खुब्याचा बॉल आतून मरत गेला होता. तो दबायलाही लागला होता. हाडाला छिद्र पाडून सांधा वाचवायचा प्रयत्न सुरुवातीलाच करतात. ती वेळ गेली होती.

घरचे म्हणत होते, थांब, कृत्रिम सांधा पंधरा वर्षांत झिजतो, मग काय करशील? तुम्ही मला खोटा धीर दिला नाहीत. खाटेजवळ बसून सांगितलंत, की 2019 साली संशोधकांनी परदेशातल्या खुबा बदललेल्यांच्या मोठ्या नोंदी तपासल्या, त्यात 100 पैकी साधारण 58 सांधे 25 वर्षं टिकलेले दिसले. लगेच हेही सांगितलंत, की त्यातले बहुतेक लोक वयस्कर होते. तरुण माणूस जास्त चालतो, जास्त वर्षं जगतो, म्हणून पुन्हा ऑपरेशनची शक्यता त्याला जास्त. सांध्यातलं आताचं प्लास्टिक पूर्वीपेक्षा कमी झिजतं. पण सिकलसेलमध्ये जंतुसंसर्गाची भीती अधिक. चांगलं-वाईट सगळं समोर मांडलंत आणि म्हणालात, "आता ठरव तू." माझ्या दुखण्याबद्दल मला कोणी ठरवायला सांगितल्याची ती पहिलीच वेळ होती.

ऑपरेशनआधी रक्त चढवलं, रात्रभर सलाईन लावलं. बाहेर आल्यावर मी थंडीने कुडकुडत होते, तेव्हा ब्लँकेट आणायला तुम्ही स्वतः धावलात. अंग गार पडलं तर पेशी पुन्हा वाकतील, म्हणून. ते काम तुमचं नव्हतं, ताई.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभी राहिले आणि रडले. टाके ठणकत होते, पण हाड हाडावर घासल्याची ती जुनी कळ नव्हती. मग तुमचे नियम : पायांत उशी, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही, पायावर पाय नाही, मांडी घालायची नाही. मी विचारलं, अंगणवाडीत पोरं खाली बसतात, मी काय करू? तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. उंच खुर्चीवर बसून फळा कुठे ठेवायचा, वजनाचा काटा कुठे, सगळं कागदावर काढून दिलंत. तो कागद अजून भिंतीवर आहे. पोरं आता माझ्या खुर्चीभोवती गोल करून बसतात.

यंदा धानाच्या रोवणीला मी बांधीत उतरले नाही. पऱ्हं लावायला वाकायचं नाही, हे मी स्वीकारलंय. वाईट वाटतं, पण स्वीकारलंय. शिदोरी घेऊन मात्र दीड किलोमीटर धुऱ्याधुऱ्याने चालत गेले. सासूबाई लांबून बघतच राहिल्या. मी लंगडत नव्हते.

पुढच्या महिन्यात डाव्या खुब्याचा एमआरआय आहे. तिकडेही डाग दिसलाय, पण या वेळी लवकर दिसलाय. बसने एकटीच येईन. तुमच्या विभागातून नेलेली काठी परत करायची आहे, दुसऱ्या कोणाला तरी लागत असेल.

तुमची,
भंडाऱ्याची सेविका