गच्चीच्या विसाराबद्दल

ती. बाबा, ती. आई,
सा. न.

काल फोनवर माझा आवाज चढला, त्याचं रात्रभर वाईट वाटत राहिलं. म्हणून आज पुन्हा फोन केला नाही, लिहायला बसले. बाबा, कागदावरचं तुम्ही शांतपणे दोनदा वाचता, तसं हेही वाचा.

गुत्तेदारानं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे ९० हजार सांगितले आणि त्यातले ५० हजार विसार म्हणून आधीच मागितले. मृगाच्या आत काम हवं असेल तर सोमवारपर्यंत द्या म्हणाला. तुम्ही बँकेतून काढायचंही ठरवलंय. बाबा, काम त्यालाच द्या, पण ते ५० हजार सोमवारी देऊ नका.

मी एवढी का घाबरले, ते आजवर तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इथं संभाजीनगरात आम्ही स्वयंपाकघराचं फर्निचर करायला घेतलं. ठरले होते १ लाख २० हजार. सुतार म्हणाला, प्लायवूडचे भाव वाढणार आहेत, माल आजच उचलू. आम्ही ७० हजार रोख दिले. पावती नाही, काही नाही. पहिले चार दिवस करवत चालली, दोन खोकी उभी राहिली. मग आज लग्न, उद्या आजारपण, नंतर फोनच बंद. अडीच महिने माझी भांडी हॉलमध्ये पोत्यात होती. त्या बिनदाराच्या खोक्यांवर त्यानं पेन्सिलीनं ‘५ सूत’ असं माप लिहून ठेवलेलं होतं, ते रोज पोळ्या लाटताना समोर दिसायचं. शेवटी दुसरा सुतार लावला. आधीच्याकडून एक रुपया परत आला नाही. तुम्ही मनाला लावून घ्याल म्हणून बोलले नाही.

तो सुतार मुळात लबाड होता असं मला अजूनही वाटत नाही. त्यानं एका वेळी पाच घरांचे विसार घेतले होते. आमच्या पैशांतून आधीच्या घराचं काम पुरं करायचं, आमच्यासाठी पुढच्या घराचे घ्यायचे, अशी एकाची टोपी दुसऱ्याला चाललेली. ज्याचे पैसे आधीच मिळाले त्याच्याकडे जायची घाई कुणाला असते?

बाबा, आपल्या बीड जिल्ह्याला उचल काय असते ते कुणी शिकवायला नको. दसरा झाला की तुमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी व्हायची, कारण आई-बापानं ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असायची. तिथं उचल घेणारा अडकतो. कोयता खाली ठेवता येत नाही, फेड संपत नाही. घरकामात उलट होतं, देणारा अडकतो. दिलेले पैसे बुडतील म्हणून तो वाईट कामावरही बोलत नाही आणि दुसरा माणूसही लावत नाही. मी अडीच महिने तशीच गप्प बसले होते.

आणि तुम्ही स्वतः असं कधी केलेलं नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपलं मातीचं माळवद उतरवून तुम्ही हा स्लॅब टाकलात, तेव्हा मी लहान होते, पण मला आठवतं. लोखंड तुम्ही स्वतः दुकानात उभं राहून मोजून आणलं. सिमेंटच्या पोत्यांवर आपलीच ताडपत्री होती. गवंड्याला मजुरी बाजारच्या दिवशी, त्या आठवड्याला जेवढं काम झालं तेवढ्याची. आई घागरीनं वर पाणी नेऊन आळ्यांत भरायची. गवंड्याचा हिशोब तुम्ही निळ्या वहीत लिहायचात आणि शेवटी त्याचा अंगठा घेतलात. ना त्याला राग आला, ना तुम्हाला संकोच वाटला. आता संकोच कशाचा?

त्याला थोडे पैसे आधी लागणार, हे मलाही पटतं. मजूर गोळा करायचे, जुना थर फोडायचा, त्यात त्याचा खर्च होतो. १० हजार द्या. सिमेंट, वाळू, विटांचे तुकडे, केमिकल त्यानं चिठ्ठीवर लिहून द्यावं, दुकानात पैसे आपण भरू आणि बिल तुमच्या नावाचं घेऊ. तेवढी रक्कम ९० हजारांतून वजा. फोडकाम झालं की काही, विटांच्या तुकड्यांचा थर, म्हणजे कोबा, झाला की काही. कोब्याला ढाळ पाण्याच्या पाइपाकडे आहे ना, आणि कठड्याच्या कोपऱ्याला गोलाई दिली ना, हे बघूनच पुढचे. मग सात-आठ दिवस पाणी मारायचं. नळाला पाणी आठवड्यानं येतंय, तेव्हा टँकरचे पैसे कोण देणार हे आधीच बोलून घ्या, भांडणं इथंच होतात. त्यानंतर गच्चीवर दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली छताला हात लावून बघायचं. तरीही १० हजार मागे राहू द्या, पहिला मोठा पाऊस पडून देवघराची भिंत कोरडी राहीपर्यंत.

पावती मागायला तुम्हाला जड जातंय, ओळखीतला आहे म्हणून. बाबा, तुम्ही मुख्याध्यापक असताना खडूच्या डब्याचीही पावती किर्दीला लावायचात. ५ हजारांवरच्या पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लागतं, हे मला तुम्हीच शिकवलंत. पैसे शक्यतो चेकनं द्या. काही बिनसलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला तिथं फी नाही. हे सगळं मला उशिरा कळलं आणि कळलं तेव्हा हातात एक कागदही नव्हता.

तो म्हणेल, असं असेल तर मला जमणार नाही. म्हणू द्या. पावसाळ्यात आणखी एकदा देवघरात पातेलं ठेवावं लागलं तरी चालेल. तुमच्या पेन्शनचे पैसे अडकून तुम्ही रोज त्याच्या दारात चकरा मारताय, हे मला बघवणार नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येतेय. त्याला रविवारी घरी बोलवा, चहा पिऊन समोरासमोर लिहून घेऊ. आई, ट्रंकेत ती निळी वही असेल तर काढून ठेव.

तुमची,
माई