अपडेटनंतर न बसणारे ब्रिज आणि स्कॅनरवर ढकललेला दोष

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : मिलिंग सॉफ्टवेअर डिस्कचा गुणक परस्पर बदलत असल्याबाबत तक्रार

महोदय,

मिरजेत माझी छोटी डेंटल लॅब आहे. मी स्वतः मशीनवर बसतो, हाताखाली दोन मुलं आहेत. मेण कोरून धातूचं कास्टिंग करण्यापासून मी हे काम शिकलो. आपला स्कॅनर, मिलिंग मशीन आणि सॉफ्टवेअर तीन वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढून घेतलं, आणि गेल्या महिन्यापर्यंत त्याबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. ओळखीच्या दोन लॅबवाल्यांना मीच आपलं नाव सुचवलं होतं.

गेल्या महिन्यात आपलं अपडेट टाकलं आणि तेव्हापासून झिर्कोनियाचे (दातांसाठीच्या कठीण सिरॅमिकचे) सात ब्रिज, म्हणजे एकत्र जोडलेले कृत्रिम दात, दवाखान्यांतून परत आले. एकेका दाताची सुटी कॅप मात्र एकही परत आली नाही. पहिला ब्रिज वरच्या पुढच्या सहा दातांचा होता, एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा. मॉडेलवर ठेवून उजवा सुळा दाबला की डावा उचलला जायचा, डावा दाबला की उजवा. बोटाखाली तो डुगडुगणारा ब्रिज मला अजून जाणवतो. बाईंच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर होतं. ते त्यांनी तात्पुरत्या दातांवर पार पाडलं. डॉक्टर मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण त्यानंतर त्यांच्याकडून मोठी केस आलेली नाही.

आपल्या सपोर्टनं पहिल्याच फोनवर सांगितलं, स्कॅन चुकला. मी कॅलिब्रेशन प्लेट पुसून दोनदा कॅलिब्रेशन केलं. मग म्हणाले, डाय (दाताची प्रतिकृती) नीट ट्रिम झाली नसेल. मग म्हणाले, मशीनमधला कापणारा बर झिजलाय. नवे बर लावले. शेवटी दोष फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर आला. पुण्याहून आलेल्या आपल्या इंजिनिअरनं चाळीस मिनिटांत स्कॅनर तपासून ‘ठीक आहे’ लिहून सही घेतली. सॉफ्टवेअर उघडूनसुद्धा पाहिलं नाही.

मग मी स्वतः तपासायला बसलो. आपल्याला ठाऊकच आहे, झिर्कोनिया सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत भाजताना आकसतो, म्हणून दात आधी मोठा कापावा लागतो. किती मोठा, तो गुणक झिर्कोनियाच्या प्रत्येक डिस्कवर (जिच्यातून दात कापतो त्या चकतीवर) छापलेला असतो. माझ्या डिस्कवर १.२३४८ होता आणि मी तोच भरला. मी ४० मिलिमीटर लांबीची सरळ पट्टी डिझाइन करून मिल केली. भट्टीत घालण्याआधी ती ४९.३९ भरायला हवी होती. व्हर्नियरवर ४९.२० आली. तीन पट्ट्या केल्या, तिन्ही तेवढ्याच. स्क्रीनवर १.२३४८ दिसतं आणि मशीन १.२३ नं कापतं. म्हणजे अपडेटनंतर सॉफ्टवेअर दशांशाचे शेवटचे दोन आकडे वापरतच नाही. या पट्ट्या ना स्कॅन झाल्या होत्या, ना भट्टीत गेल्या होत्या. मग दोष स्कॅनरचा कसा आणि फर्नेसचा कसा?

सुट्या कॅप का बसल्या, तेही यातूनच उलगडतं. आठ मिलिमीटरच्या कॅपमध्ये हा फरक सुमारे ०.०३ मिलिमीटर पडतो आणि सिमेंटसाठी सोडलेल्या जागेत जिरून जातो. पंचेचाळीस मिलिमीटरच्या ब्रिजमध्ये तोच ०.१७ च्या पुढे जातो. तिथे तो लपत नाही. माझी खरी काळजी त्या बसलेल्या कॅपचीच आहे. त्या नेहमीपेक्षा घट्ट आहेत आणि लोकांच्या तोंडात गेल्या आहेत. त्यांची यादी मी संबंधित डॉक्टरांना दिली आहे.

जुनी आवृत्ती परत द्या म्हटलं, तर उत्तर आलं की लायसन्स आता नव्या आवृत्तीवर गेलं आहे. दरवर्षी नूतनीकरणाचे पैसे मी वेळेवर भरतो. चालू मशीन बिघडवणारं अपडेट द्यायचं आणि मागे फिरायची वाट बंद करायची, हे मला मान्य नाही.

माझं मागणं असं आहे. दोष दुरुस्त होईपर्यंत जुनी आवृत्ती आठ दिवसांत चालू करून द्यावी. सात ब्रिजच्या डिस्क आणि बर यांचा खर्च भरून द्यावा. बिलं सोबत जोडली आहेत. ‘स्कॅन चुकला’ हा शेरा माझ्या तक्रारीच्या नोंदीतून काढून खरं कारण लेखी द्यावं, कारण ते पत्र मला डॉक्टरांना दाखवायचं आहे. आणि हे अपडेट ज्या ज्या लॅबमध्ये गेलं आहे, त्या सगळ्यांना आजच कळवावं. ही शेवटची मागणी माझ्या पैशांच्याही आधी पूर्ण करावी, ही विनंती.

हे यंत्र मी स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलं आहे. त्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मला सांगलीच्या जिल्हा आयोगाकडे जाता येतं. ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं.

तिन्ही पट्ट्या डिस्कच्या लेबलसह जपून ठेवल्या आहेत. आपला माणूस पाठवाल तेव्हा त्यानं स्वतःचा व्हर्नियर घेऊन यावं आणि माझ्यासमोर मोजावं.

आपला,
डेंटल लॅबचालक, मिरज