डावीकडे चढणारा उजेड

नाशिक,
28 डिसेंबर

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर विचारलंस, "हेडलाइट घरी कसे बदललेस?" दोन मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. तुझी गाडीही माझ्यासारखीच इलेक्ट्रिक. तेव्हा पाना हातात घेण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

दिवाळीनंतर आम्ही वणीच्या गडावर गेलो होतो. परतताना अंधार पडला आणि दिंडोरीच्या अलीकडे अचानक समोर कांद्याने भरलेली ट्रॉली आली. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. सकाळच्या लिलावाला नंबर लागावा म्हणून शेतकरी रात्रीच निघतात रे, त्यांना काय बोलणार? ट्रॉली दिसली तेव्हा मध्ये जेमतेम तीन गाड्यांची जागा उरली होती. ब्रेक लागला, वाचलो. आई घर येईपर्यंत देवीचं नाव घेत होती.

दुसऱ्या दिवशी दिवे जवळून पाहिले. उन्हाने काच पिवळी पडली होती. आपण काच म्हणतो, पण ते पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं. पॉलिश पेपरने घासून काही महिने निभावलं असतं, पण डाव्या दिव्याचा बसवायचा कानच तुटला होता. म्हणून एलईडी प्रोजेक्टरचा अख्खा सेट ऑनलाइन मागवला.

इलेक्ट्रिक गाडी म्हणून घाबरू नकोस, पण बेफिकीरही राहू नकोस. हेडलाइट मोठ्या बॅटरीवर थेट चालत नाहीत. पेट्रोलच्या गाडीसारखीच 12 व्होल्टची छोटी बॅटरी असते, तिच्यावर चालतात. इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा अल्टरनेटर नसल्यामुळे तिला मोठ्या बॅटरीतून डीसी-डीसी कन्व्हर्टर (जास्त व्होल्टेज कमी करून देणारं यंत्र) चार्ज करतो, एवढाच फरक. बॉनेटखाली नारिंगी आवरणाच्या जाड केबल दिसतील, तिथे हात म्हणून लावायचा नाही. गाडी बंद कर, चावी घरात ठेव, छोट्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ आणि दहा मिनिटं थांब. बॉनेट मात्र उघडंच राहू दे.

बंपर काढणं हेच खरं कष्टाचं काम. प्लॅस्टिकच्या क्लिपा थंडीत कडक होतात, जोर लावला की तुटतात. मी आधी हेअर ड्रायरने त्या कोमट केल्या, मग एकही तुटली नाही. कनेक्टर ओढताना वायरला धरू नकोस. त्याची लॉकची जीभ दाब, तो आपोआप सुटतो. मागचं रबरी झाकण नीट बसलंय ना ते दोनदा बघ, नाहीतर पहिल्या पावसात आत वाफ धरेल.

एलईडीने रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी जाते ते अंतर, वाढते असं कोणी सांगितलं तर त्यासाठी पैसे घालू नकोस. 55 वॅटचे दोन हॅलोजन तासभर जळले तरी 0.11 युनिट. एलईडीने त्यातलं निम्मं वाचलं, तरी दिवे तासभर लावल्यावर गाडी जेमतेम चारशे मीटर जास्त जाईल.

आता मुद्द्याचं. बसवून झाल्यावर रात्री पार्किंगमध्ये भिंतीपासून 5 मीटरवर गाडी लावली. दिव्याचा मध्य जमिनीपासून 70 सेंटीमीटर. उजेड शेकडा एक या हिशोबाने खाली झुकायला हवा, म्हणून भिंतीवर 65 वर चिकटपट्टी लावली. टायरमधली हवा तपासली आणि माझ्या वजनाचा म्हणून शेजारच्या दादांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. जुळवताना दिवे बराच वेळ चालू राहतात. गाडी तेव्हा 'रेडी'वर, म्हणजे चालायला तयार अशी सुरू ठेव, नाहीतर छोटी बॅटरी उतरेल आणि मोठी भरलेली असूनही गाडी सुरू होणार नाही.

उजेड इतका पांढरा आणि स्वच्छ पडला की मी खूश झालो. तेवढ्यात अण्णा खाली आले. त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, भिंतीजवळ गाडीच्या उजव्या अंगाला ठेवली आणि दुचाकीवर बसल्यासारखे माझ्याकडे तोंड करून बसले. लगेच दोन्ही हात डोळ्यांवर गेले. म्हणाले, "मी समोरून येतोय असं समज. मला रस्ता दिसतच नाही."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे ते. मी पुन्हा भिंतीकडे पाहिलं, तेव्हा कळलं. उजेडाची वरची कड डावीकडे सपाट होती आणि उजवीकडे तिरपी वर चढत होती. आपल्याकडे नेमकं उलट हवं. आपण डाव्या बाजूने चालवतो, म्हणून कडेची माणसं, मैलाचे दगड दिसावेत यासाठी उजेड डावीकडे चढतो आणि समोरून येणाऱ्याच्या बाजूला दबलेला राहतो. हा सेट उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला होता. दिवे कितीही खाली केले तरी ती तिरपी कड उजवीकडेच राहणार. रात्रीच सगळं उतरवलं.

विक्रेत्याने परत घ्यायला दोन आठवडे लावले. सुहास, मला पैशाचं वाईट वाटलं नाही. अण्णा खाली आले नसते तर दिंडोरी रोडवर रोज किती जणांना मी आंधळं केलं असतं, हे मनातून जात नव्हतं.

दुसऱ्या वेळी आधी खूण पाहिली. ई-मार्क (वाहनांच्या भागांवरची आंतरराष्ट्रीय मान्यतेची खूण) असलेल्या दिव्यावर फक्त डावीकडच्या वाहतुकीसाठी असेल तर एक बाण कोरलेला असतो. दिव्यासमोर उभं राहिलं की तो आपल्या उजव्या हाताकडे, म्हणजे गाडीच्या डाव्या अंगाला दाखवतो. दोन्ही टोकांचा बाण असेल तर दिवा दोन्हीकडे चालतो. बाण नसेल तर तो आपल्या रस्त्याचा नाही. आणि माप मूळ दिव्याचंच घे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीत मनमानी बदल चालत नाहीत.

काल पहाटे त्र्यंबक रोडला गेलो. धुकं होतं. डाव्या कडेने डोक्यावर मोळी घेतलेल्या दोन बायका चालल्या होत्या, त्या मला लांबूनच दिसल्या. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांची यात्रा आहे, त्याच रस्त्याने दिंड्या अंधारात चालतात. तू त्या वेळी ये. येण्याआधी तुझ्या दिव्यांवरच्या बाणाचा फोटो काढून पाठव, बंपर आपण इथेच मिळून उतरवू.

वहिनींना नमस्कार, चिमणीला गोड पापा. अण्णा तुझी आठवण काढतात.

तुझा,
अनिल