प्रथिनांचा हिशेब मुळापासून मांडा

महोदय,

आहाराविषयीचे लेख आपण आरोग्याच्या पानावर छापता, हवामानबदलाचे दुसऱ्याच पानावर. प्रथिनांचा विषय निघाला की ही फारकत मला फार खटकते.

शेंगा संपल्यावर मी कुंडीतले घेवड्याचे रोप उपटले. मुळांना मोहरीएवढ्या गाठी लगडल्या होत्या. एक नखाने फोडली, तर आत गुलाबीसर लाल रंग! या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. हेच काम खतकारखान्यात प्रामुख्याने नैसर्गिक वायूवर चालते. शिवाय पिकाने न उचललेल्या नत्रखतातून नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता कोंडतो. घेवड्यासारख्या कडधान्यांना या गाठींमुळे हे खत फारच कमी लागते.

पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ मध्ये ११९ देशांतील सुमारे ३८ हजार शेतांची माहिती एकत्र मांडली. मांसासाठी पाळलेल्या गुरांपासून १०० ग्रॅम प्रथिने मिळवताना सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. वाटाण्यापासून अर्ध्या किलोपेक्षाही कमी. अन्न किती लांबून आले यावर आपण तावातावाने बोलतो, पण अन्नाच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा जेमतेम ६ टक्के आहे.

शरीराचेही यात नुकसान नाही. लायसिन आणि मिथिओनिन ही अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक. तृणधान्यांत लायसिन कमी, कडधान्यांत मिथिओनिन कमी. दिवसभरात दोन्ही खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वर तंतू, लोह आणि फोलेट हे ब-जीवनसत्त्व मिळते ते वेगळेच. कडधान्यांनी पोट फुगण्याची तक्रार खरी आहे. ती रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यावे आणि प्रमाण हळूहळू वाढवावे. मात्र ज्या मुलांना पुरेसे खायलाच मिळत नाही, त्यांच्या ताटातले अंडे किंवा दूध पर्यावरणाच्या नावाखाली कोणी काढू नये. हिशेब मागायचा तो भरल्या ताटांकडे.

आणखी एक. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले ६० टक्के घरांतून. वाळवलेली कडधान्ये नीट ठेवली तर महिनोन्महिने टिकतात, लागतील तेवढीच भिजवता येतात.

यापुढे प्रथिनांचा तक्ता छापाल तेव्हा ग्रॅमच्या रकान्याशेजारी उत्सर्जनाचाही रकाना द्यावा, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक